कशावरून नाना

जाहीर कार्यक्रमाच्या शेवटी ‘कुणाला काही शंका असल्यास विचाराव्यात’ असं निवेदक म्हणतो, ते कुणी काही विचारणार नाही या भरवशावर. तोवर मागच्या रांगेतल्या बायकांनी चपला शोधायला सुरुवात केलेली असते, आभार मानणाऱ्यानं खिशातून कागद काढलेला असतो आणि प्रमुख पाहुणे खुर्चीच्या अगदी कडेवर आलेले असतात. अशा वेळी आमच्या गावात तिसऱ्या रांगेतून एक हात वर जातो. हाडकुळा हात, मनगटावर चावीचं घड्याळ, दोन बोटांत चतकोर वही. सभागृहभर एक सामुदायिक सुस्कारा ऐकू येतो. पाहुणे पुन्हा मागे टेकतात. चहावाल्याला कुणीतरी खूण करतं, गॅस बारीक कर.

“साहेब, आपण मघाशी म्हणालात की धूरफवारणीमुळे गावातला डेंग्यू निम्म्यावर आला. फार चांगलं झालं. कशावरून?”

“म्हणजे?”

“म्हणजे निम्म्यावर आला, हे कशावरून?”

“अहो नाना, आकडेच आहेत. गेल्या वर्षी जेवढे पेशंट होते, त्याच्या निम्मे यंदा.”

नाना वहीत लिहून घेतात. “आणि तपासण्या? गेल्या वर्षी किती झाल्या, यंदा किती?”

साहेब शेजारच्या आरोग्य निरीक्षकाकडे बघतात. आरोग्य निरीक्षक पंख्याकडे बघतो. मागून एक पोरगेलासा कर्मचारी, नोकरीत नवीन असल्यामुळे, खरं बोलून जातो, “यंदा किट मधेच संपली होती.”

नाना ‘धन्यवाद’ म्हणून खाली बसतात. आरोप नाही, घोषणा नाही, टाळी मिळवायचा प्रयत्न नाही. दुसऱ्या दिवशी साहेब रस्त्यात भेटले तर नमस्कारही आधी नानाच करतात. साहेबांना मात्र रात्रभर झोप आलेली नसते.

गावात प्रश्न विचारणाऱ्यांची टंचाई आहे असं नाही. काही जण प्रश्नाच्या नावाखाली वीस मिनिटं बोलतात आणि शेवटी ‘यावर आपलं काय मत?’ असं शेपूट जोडतात. काहींना आपल्या दारातल्या गटारापलीकडे लोकशाहीत रस नसतो. पुढाऱ्यांना हे दोघेही चालतात. पहिल्याला पुढच्या कार्यक्रमात व्यासपीठावर खुर्ची दिली की तो गप्प होतो, दुसऱ्याच्या दारात दोन पाइप टाकले की काम भागतं. नानांचं काय करायचं हे मात्र आजवर कुणाला उमगलेलं नाही. त्यांना काही नकोच असतं. निर्णयाला त्यांचा विरोध असतो असंही नाही. पुष्कळदा निर्णय त्यांना मनापासून आवडलेला असतो. तो घेताना टेबलावर कुठला कागद होता, एवढंच त्यांना बघायचं असतं. आणि पंचाईत अशी, की टेबलावर बहुधा फक्त चहा असतो.

नाना पाटबंधारे खात्यात मोजणीदार होते. उभी हयात कालव्याकाठच्या शेतांतून हिंडून कुणी किती गुंठे ऊस भिजवला आणि किती ज्वारी, याच्या नोंदी करण्यात गेली. पाणीपट्टी त्यावर ठरायची, म्हणून शेतकरी ऊस कमी सांगायचा. उद्दिष्ट गाठायचं असायचं, म्हणून वरचं ऑफिस भिजलेलं क्षेत्र जास्त धरायचं. या दोघांच्या मधे बांधावर उभे राहून नाना साखळी टाकायचे. आकडा जन्माला येताना त्यांनी पाहिलाय, त्यामुळे पुढे तो कितीही सुटाबुटात समोर आला तरी नाना दबत नाहीत.

राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीनं जो गहजब झाला, तो पुष्कळांना आठवत असेल. ओलिताखालच्या क्षेत्राचं प्रमाण दहा वर्षांत १७.८ टक्क्यांवरून १७.९ वर गेलं असं तीत छापलं होतं, आणि तेवढ्या काळात सिंचनावर सुमारे सत्तर हजार कोटी खर्च झाल्याचं वर्तमानपत्रं सांगत होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात श्वेतपत्रिका निघाली. तिच्यातलं चित्र पुष्कळच हिरवं होतं. सगळा महाराष्ट्र पैसे कुणी खाल्ले यावर भांडत असताना नाना एकटेच त्या दशांशाच्या काळजीत होते. “हा पॉइंट एक मोजला कुणी? निम्मी वर्षं तर मीच मोजत होतो. माझ्या हद्दीत असा काही सापडला नव्हता.” पुढे काही वर्षं पाहणीतल्या त्या रकान्यात ‘उपलब्ध नाही’ असंच छापून येऊ लागलं. नानांच्या हे फार मनाला लागलं. चुकीचा आकडा ते समजून घेऊ शकतात. त्याला धरून निदान उलटतपासणी तरी करता येते. रिकाम्या रकान्याला काय विचारणार?

त्यांच्या बैठकीच्या खोलीत दोन तसबिरी आहेत. एक महात्मा फुल्यांची, दुसरी गोपाळ कृष्ण गोखल्यांची. ही जोडी बघून दोन्हीकडचे पाहुणे चमकतात. नानांच्या लेखी त्यात विसंगत काही नाही. फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिलं आणि रयतेच्या घामातून आलेला महसूल वरच्या वर्गांच्या शिक्षणावर का खर्च होतो, असा हिशेब सरकारला विचारला. गोखल्यांनी १९०२ साली कलकत्त्याच्या कौन्सिलात सरकारच्याच अंदाजपत्रकातले आकडे सरकारपुढे मांडले आणि ही शिल्लक भरभराटीची नसून गरजेपेक्षा जास्त कर घेतल्याची आहे असं दाखवून दिलं. पुढच्या वर्षी मिठावरचा कर उतरला.

पण नाना गोखल्यांना मानतात ते १८९७ सालासाठी. बाकीचे गोखलेभक्त ते साल सहसा काढत नाहीत. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात सोल्जरांनी बायकांवर अत्याचार केले, असं पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर गोखले विलायतेत जाहीर बोलले. परत आल्यावर पुरावा मागितला गेला. पत्रं लिहिणारं कुणी पुढे येईना, गोखल्यांनी त्यांची नावं उघड केली नाहीत, आणि बिनशर्त माफी मागून मोकळे झाले. पुण्यानं त्यांना त्यावरून पुष्कळ टोचलं. नाना हे सांगताना खुर्चीत सावरून बसतात. “त्रास झाला नव्हता असं नाही हो. दाखवता येत नव्हता. दाखवता येत नाही ते बोललो, म्हणून माफी! आत्ता असा एक दाखवा.” यावर मी एकदा टिळकांचं नाव घेतलं होतं. तो आख्खा रविवार वाया गेला.

‘कशावरून’ला आमच्याकडे जी उत्तरं मिळतात, त्यांवर नानांचा चांगला अभ्यास आहे. सर्वांत स्वस्त उत्तर ‘वरून आलंय’. हे ऐकलं की नाना वाद घालत नाहीत, फक्त वर कुणाकडून आलं त्याचा जावक क्रमांक विचारतात. ‘तज्ज्ञांनी सुचवलंय’ हे जरा महाग. कारण मग तज्ज्ञ कोण हे सांगावं लागतं, आणि तो नगराध्यक्षांच्या साडूचा आर्किटेक्ट मुलगा निघतो. मुलगा हुशार आहे, पण प्रश्न सांडपाण्याचा असतो. ‘सिंगापुरात असंच आहे’ हे उत्तर मात्र आता कुणी देत नाही. एकानं दिलं होतं, तेव्हा नानांनी तिथला पाऊस, लोकसंख्या आणि आपल्या नगरपरिषदेचं बजेट एका कागदावर लिहून आणलं आणि तो कागद सभेत मोठ्यानं वाचायची विनंती त्यांनाच केली.

अभ्यास दौऱ्याची हकिगत सांगण्यासारखी आहे. घनकचऱ्याचा अभ्यास करायला नगरसेवकांची एक बस दक्षिणेकडे गेली, आठवडाभर अभ्यास करून, केळ्याचे वेफर्स घेऊन परतली. नानांनी दौऱ्याच्या अहवालाची प्रत मागितली. अहवाल एका पानाचा होता. ‘सदर शहर अत्यंत स्वच्छ असल्याचे आढळून आले. आपल्या शहरातही असे करणे शक्य आहे.’ सोबत फोटो बरेच होते. धबधबा होता, समुद्रकिनारा होता, दोन मंदिरं होती. कचरा एकाही फोटोत नव्हता. विरोधी गटाच्या पोरांनी हा अहवाल व्हॉट्सअॅपवर फिरवून धमाल उडवली, पण नाना म्हणाले, “यात खोटं काय आहे? स्वच्छ होतं म्हणूनच कचऱ्याचा फोटो नाही.” ते गंमत करत होते की नाही हे मला अजून कळलेलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही. सातबारा वाचावा तसे ते सगळं एकाच सुरात वाचतात.

केंद्राचा माहिती अधिकाराचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ ला लागू झाला. महाराष्ट्रात राज्याचा वेगळा कायदा त्याच्या आधीपासून होता, पण नोकरीत असताना नाना त्या वाटेला गेले नाहीत. २००५ सालीच ते निवृत्त झाले. माणसानं नोकरी सोडावी आणि संसदेनं त्याच्यासाठी कामाची सोय करून ठेवावी, असा योग फार थोड्यांच्या वाट्याला येतो. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एक अर्ज, तीस दिवस. नाही आलं उत्तर तर पहिलं अपील, तेही वाया गेलं तर नव्वद दिवसांच्या आत दुसरं, माहिती आयोगाकडे. ज्येष्ठ नागरिक संघातले बाकीचे लोक गुडघ्यांच्या तारखा लक्षात ठेवतात. नाना अपिलांच्या ठेवतात.

सुरुवातीला त्यांचे अर्ज चार-चार पानी असत. त्यात प्रस्तावना असे, पूर्वपीठिका असे, एका अर्जाच्या शेवटी तर ऋणनिर्देश होता. मग २०१२ साली राज्य सरकारनं नियम केला की अर्ज एकाच विषयावरचा असावा आणि साधारण दीडशे शब्दांत बसावा. कार्यकर्त्यांनी निषेध केला. नानांनीही केला, दीडशे शब्दांत. लोकशाहीच्या दृष्टीनं तो नियम वाईटच असेल, पण त्यानं नानांच्या गद्याचं भलं झालं हे मान्य करायला हवं. संमेलनाध्यक्षांच्या भाषणाला तो लागू करता आला तर बघावं.

‘का’ हा शब्दही त्यांनी अर्जातून काढून टाकलाय. त्याला कारण आहे. २००८ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं सांगितलं की माहिती म्हणजे दप्तरात जे आहे ते. अमुक गोष्ट का केली किंवा का केली नाही, याचं उत्तर म्हणजे माहिती नव्हे. तेव्हापासून सगळ्या कार्यालयांना एक हुकमी वाक्य मिळालं, ‘आपण मागितलेली माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही.’ नानांनी ते वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा दिवसभर बोलले नाहीत. संध्याकाळी वही उघडली. आता ते लिहितात, ‘सदर निर्णय घेताना विचारात घेतलेल्या टिप्पण्या, अहवाल व सर्वेक्षणे यांच्या साक्षांकित प्रती.’ प्रश्नचिन्ह कुठेच नाही. आणि खाली बारीक अक्षरात त्याच कायद्याच्या चौथ्या कलमाची आठवण. लोकांवर परिणाम करणारं धोरण ठरवताना किंवा निर्णय जाहीर करताना त्यामागची वस्तुस्थिती प्रशासनानं आपणहून प्रसिद्ध करायची, आणि ज्यांना निर्णयाची झळ लागते त्यांना कारणं सांगायची, असं ते कलम आहे. म्हणजे कायद्यानं नानांना बेकारच करून ठेवायला हवं होतं. कलम मनावर घेतलं जात नाही म्हणून त्यांचं चाललंय.

येणारं उत्तर बहुतेक वेळा एकाच शब्दाचं असतं, ‘निरंक’. त्याची त्यांनी स्वतंत्र फाइल केली आहे आणि घरातली सर्वांत जाड फाइल तीच आहे. रिंगरोडची आखणी बदलली, त्याआधीचं वाहतूक सर्वेक्षण: निरंक. आठवडे बाजार पूर्वेकडे हलवला, त्याआधी विक्रेत्यांशी झालेल्या चर्चेचं इतिवृत्त: निरंक. दुसरा कुणी वैतागला असता. नाना प्रत्येक ‘निरंक’ला क्रमांक देऊन, भोक पाडून, दोऱ्यात ओवतात. त्यांच्या मते तो सरकारनं सही-शिक्क्यानिशी दिलेला कबुलीजबाब आहे.

मोठ्या सरकारलाही ते सोडत नाहीत. वृक्षलागवडीचा कार्यक्रम आठवा. २०१६ ला दोन कोटींचं उद्दिष्ट, मग चार, मग तेरा, आणि २०१९ ला एकदम तेहतीस कोटी. आमदार रोप लावायला आले तेव्हा नानांनी आधी स्वतः रोपाला पाणी घातलं आणि मग विचारलं, “तेहतीसच कशावरून?” आमदार म्हणाले, देवांवरून. हशा झाला, नानाही हसले. मग म्हणाले, “मागच्या वर्षीचं रोप याच खड्ड्यात होतं ना?” खड्डे खरोखर तेच होते. चारही वर्षं त्यांनीच तग धरला होता.

जलयुक्त शिवारच्या वेळी तर दोन्ही बाजूंनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. कॅगच्या अहवालात २०२० साली आलं की योजनेवर ९,६३३ कोटी खर्च झाले, पण भूजलाची पातळी वाढण्यावर फारसा परिणाम दिसला नाही. योजनेवर टीका करणारे अहवाल नाचवत नानांकडे आले. नानांनी त्यांना विचारलं, आपल्या तालुक्यातल्या विहिरींच्या पातळ्या तुम्ही बघितल्या का? भूजल खात्याची निरीक्षण विहीर कुठे आहे ते तरी माहीत आहे का? ते गेले. पुढे २०२३ च्या सुरुवातीला तीच योजना २.० म्हणून परत आली, तेव्हा योजनेवाले पेढे घेऊन आले. नानांनी पेढा घेतला, तोंडात टाकला आणि पहिल्या भागातलं काय चुकलं म्हणून दुसरा काढला, ते कुठे लिहिलंय असं विचारलं. तेही गेले. पेढे मात्र ठेवून गेले.

निवडणुकीच्या आधी एकदा विरोधी गटाच्या प्रमुखांनी नानांची ‘निरंक’ फाइल दोन दिवसांसाठी नेली होती. तिसऱ्या दिवशी चौकात सभा. फाइल उंच धरून प्रमुख गरजले, “बाजार हलवण्यात चाळीस लाख खाल्ले, हा घ्या पुरावा!” टाळ्या थांबायच्या आत हात वर. “चाळीस लाख कशावरून?”

“नाना, अहो तुमचीच फाइल!”

“माझ्या फाइलमध्ये कागद नाही एवढंच आहे. कागद नाही म्हणजे पैसे खाल्ले, असं त्यात कुठे लिहिलंय?”

सत्ताधाऱ्यांच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. नानांनी त्यांच्याकडे वळून सांगितलं, “खाल्ले नाहीत, असंही त्यात नाही.” शिट्ट्या थांबल्या. सभा तिथेच मोडली. त्या रात्री नाना घरी आले ते थोडे उदास होते, पण सभा मोडली म्हणून नाही. फाइलमधली अठरा नंबरची निरंक गहाळ झाली होती.

त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा विजय मात्र शाळेजवळच्या वळणावरच्या गतिरोधकाचा, आणि तो त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर मिळाला. एका सकाळी तिथे डांबराचा उंचवटा उगवला. मोटरसायकली त्यावरून उडू लागल्या, रिक्षातल्या बायका देवाचं नाव घेऊ लागल्या. नानांनी टेप काढला. इंडियन रोड काँग्रेसचं मानक त्यांना तोंडपाठ आहे: उंची दहा सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर, वरची गोलाई सतरा मीटर त्रिज्येची. म्हणजे ताशी पंचवीसच्या वेगानं गाडी अलगद जाते. इथे उंची दुपटीहून जास्त आणि रुंदी जेमतेम दीड फूट. नाना भर रस्त्यात उकिडवे बसून मोजत असताना मागे गाड्यांची रांग लागली. गतिरोधकामुळे नव्हे, नानांमुळे.

अर्ज गेला. गतिरोधक याच जागी कशाच्या आधारे, अपघातांच्या नोंदी, वाहतूक पोलिसांचा अभिप्राय, मोजमाप. नानांनी निरंकसाठी फाइलमध्ये जागा करून ठेवली होती. तिसाव्या दिवशी लखोटा आला तो जाडजूड. आत मागणीपत्राची साक्षांकित प्रत होती, त्यावर बावीस रहिवाशांच्या सह्या. नाना हरखले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा निर्णयाच्या पोटात कागद सापडला होता. त्यांनी सह्या वाचायला घेतल्या आणि चौथ्या सहीवर बोट थांबलं. ती सही नानांच्याच घरची होती, काकूंची.

काकू आत कणीक मळत होत्या. “मग? मीच पुढाकार घेतला होता. आधी मला विचारलं असतंत तर दहा रुपये वाचले असते.”

नानांनी वही उघडली. घरातला माणूस म्हणून सवलत देणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. तिथे गतिरोधकाची गरज आहे हे कशावरून ठरवलं, असं त्यांनी रीतसर विचारलं. काकूंनी कणकेच्या हातानंच भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बोट दाखवलं. दुधाच्या खाड्यांच्या शेजारी जागोजागी बारीक फुल्या होत्या. त्या वळणावर कुणी पडलं की काकू फुली मारायच्या. लागलं असेल तर दोन. स्वयंपाकघराची खिडकीच त्या बाजूला. “आणि मागची?” नानांचा आवाज बदलला होता. मागची कालनिर्णयं डब्यांखाली अंथरलेली होती. त्या संध्याकाळी मी गेलो तेव्हा फळीवरचे सगळे डबे खाली होते आणि नाना चष्मा कपाळावर चढवून हरभऱ्याच्या डाळीखालचं २०१९ वाचत होते. पोलिसांकडे त्या वळणाच्या नोंदी नव्हत्या, नगरपरिषदेकडे नव्हत्या, दवाखान्यात नुसती नावं होती. वर्षावर्षाची, वारानुसार आकडेवारी होती ती या एका घरात, पिठाच्या डब्याखाली. पावसाळ्यात फुल्या वाढत होत्या आणि शाळा सुटायच्या वेळेला तर गर्दीच होती. काकूंनी फुलीच्या शेजारी वेळही लिहिली होती, कारण तेव्हाच त्यांची मालिका लागायची.

ज्या पानांवर फुल्या होत्या त्या एकोणीस पानांच्या झेरॉक्स जोडून नानांनी नगरपरिषदेला पत्र दिलं की गतिरोधक हवाच, फक्त मापात हवा. पत्राला आवक क्रमांक मिळाला आणि आश्चर्य म्हणजे गतिरोधक खरोखर तोडून मापाचा झाला. एवढ्यावर संपलं असतं, पण पुढच्याच सर्वसाधारण सभेत गावात आणखी तीन ठिकाणी गतिरोधक मंजूर झाले. ठरावात लिहिलं होतं, ‘दीर्घकालीन अपघात नोंदींच्या शास्त्रीय विश्लेषणावरून.’ ‘शास्त्रीय’ वाचून नानांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ठरावात असा शब्द आमच्या गावात प्रथमच आला होता. तरी त्यांनी कोर्ट फी तिकीट आणलंच.

महिन्याभरानं उत्तर आलं. पानं एकोणीस, दोन रुपयांप्रमाणे अडतीस रुपये भरून प्रती न्याव्यात. नानांनी भरले. प्रती घेऊन घरी आले, टेबलावर पसरल्या. दुधाचे खाडे, गॅस लावल्याची तारीख, नणंदेकडची वास्तुशांत, फुल्या, आणि एका कोपऱ्यात हळदीचा ठसा. प्रत्येक पानावर जांभळा शिक्का, ‘सत्यप्रत’, खाली जनमाहिती अधिकाऱ्याची सही. ज्या तीन जागी नवे गतिरोधक होणार होते, त्यांतली एकही जागा काकूंच्या खिडकीतून दिसत नाही.

नाना पहिल्या अपिलाचा मसुदा करायला बसले. काकूंनी मात्र ती पानं एकेक करून नीट बघितली, त्यांतली तीन बाजूला काढली आणि पिशवीत घातली. गवळ्याशी त्यांचा तीन महिन्यांच्या खाड्यांवरून वाद चालला होता. ‘कालनिर्णयावर काय, तुम्हीच लिहिणार,’ असं तो म्हणत होता. शिक्का बघितल्यावर त्यानं मुकाट्यानं सात लिटरचे पैसे परत केले. नानांच्या इतक्या वर्षांच्या अर्जांतून रोख वसुली झाली ती एवढीच, आणि तीही काकूंनी आपल्या डब्यात टाकली.